चार माणसांची स्प्रिंग

नाना, तुम्ही तुमची पांढरी आठशे गाडी खाली बसवून घेतली होतीत, ती गोष्ट मी अजून सांगतो. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक शहाण्याला सांगतो. दुकान आता नशिराबादच्या अलीकडे हायवेला लागून आहे. तुम्ही ते पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी आत आला नसतात, कारण आत बसायला जुने टायर आहेत आणि तुमची पँट कायम परीटघडीची. इथे फक्त स्प्रिंगा, कमानीचे पाटे आणि शॉकअब्सॉर्बरचं काम होतं. आठवड्यातून एक तरी पोरगं येतं, चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून दाखवतं आणि म्हणतं, काका, एवढी फट नको, गाडी बसवून द्या. गाडी रोजच्या वापरातली असते. तिच्यातून कामावर जायचं असतं, आईला दवाखान्यात न्यायचं असतं, मळ्यातून केळीचे घड आणायचे असतात. बाकी गाडीला कुठे हात लावलेला नसतो, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा शोरूममधलं, पण उंची तेवढी कमी पाहिजे. का, म्हणून विचारलं तर एकालाही सांगता येत नाही. भारी दिसते म्हणतात. मग मी त्यांना फिजिक्सच्या एका प्रोफेसरांची गोष्ट सांगतो. ते पोट धरून हसतात, आणि त्यातले निम्मे तरीही स्प्रिंगा बदलूनच जातात. ते प्रोफेसर माझे वडील होते, हे मी सांगत नाही.

मूर्ख माणसं मला चालतात, नाना, धंदाच त्यांच्यावर आहे. हुशार माणसाचा मूर्खपणा मात्र मला आजही सोसत नाही, आणि तो मी पहिल्यांदा आपल्याच घरात पाहिला. तुम्ही जळगावच्या कॉलेजात उभा जन्म स्थितिस्थापकता शिकवलीत. दूधवाल्याचं माप तुम्ही प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने तपासायचात, किराणा घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचात, आणि माझी गुणपत्रिका आली की तिची बेरीज करून पाहायचात, जसं काही बोर्डानेच लबाडी केली असावी. बारावीत मी नापास झालो तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. बेरीज करून झाल्यावर फक्त म्हणालात, "बरोबर आहे." मग मी आयटीआय केलं आणि एमआयडीसीतल्या एका गॅरेजात लागलो. तिथे एकदा तुम्ही दोन सहकाऱ्यांना घेऊन गाडीचं काम दाखवायला आलात. मी दुसऱ्या एका गाडीखाली होतो, मला तुमचे फक्त बूट दिसत होते. एकाने विचारलं, सर, तुमचा मुलगा कुठे असतो? तुम्ही म्हणालात, "असेल इथेच कुठेतरी, ऑइलमध्ये." ते हसले. मी बाहेर आलो नाही. त्याच आठवड्यात तुम्ही मला एक व्हर्नियर कॅलिपर आणून दिलात, चांगला, मखमलीच्या पेटीसकट. तो मी आजवर कशालाही लावलेला नाही. तुम्हाला वाटलं असेल, फिट्टंफाट झाली.

ताईचं स्थळ आलं ते पुढच्या वर्षी. मुलगा धुळ्याला सरकारी इंजिनिअर, गाव नरडाण्याजवळ, घरी बागायत. ताई तेव्हा एमएस्सी होऊन बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक स्थळात खोट काढत होती. या मुलाशी मात्र गच्चीवर दहा मिनिटं बोलली, खाली आली, आणि स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावत बसली. आईला तेवढ्यावरून कळलं. मलाही कळलं. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही अंगणात मुलाच्या काकांना गाडी दाखवत होता. काका म्हणजे त्या घरातलं मुख्य माणूस, मुलाच्या बापाने त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही अशी रीत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमनी गाडी बकरीमायक उभी शे." बकरीसारखी, उंच पायांवर. मग सांगितलं की सुरतेला त्यांच्या साडूकडे हीच गाडी आहे, पण खाली बसवलेली, कशी रस्त्याला चिकटून पळते. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते गाडीबद्दल बोलले, बैलाबद्दल बोलले असते तसे. तुम्हाला मात्र आधी 'मास्तर' झोंबलं आणि मग 'बकरी'. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा धुळ्याला शांत बसला होता आणि बाशिंग मुलीच्या बापाने बांधलं. सुपारी फोडायचा दिवस दीड महिन्यावर होता, आणि तेवढ्यात गाडी खाली आलीच पाहिजे असं तुम्ही त्या संध्याकाळी जेवताना जाहीर केलंत. आईने विचारलं, पण चालतेय ना ती?

गाडी खाली आणायचे दोन उपाय तेव्हा जळगावात चालत. एक म्हणजे स्प्रिंगचं एक वेटोळं कापून टाकायचं. दुसरा त्याहून अडाणी. स्प्रिंग गाडीतच राहू द्यायची आणि तिला गॅसची ज्योत दाखवायची, लोखंड लाल झालं की गाडी आपोआप खाली येते, म्हैस बसते तशी. कापलेली स्प्रिंग जागेवर नीट टेकत नाही आणि तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी जातं, मग ती वजनाखाली दबली की पुन्हा उठत नाही. तुम्ही दोन्ही उपायांना हसलात, आणि एवढं कबूल करतो की बरोबर हसलात. मुंबईहून तयार स्प्रिंगा येत, पण त्या शर्यतीच्या, ताठ. रोज कॉलेजला जाणाऱ्या माणसाचे मणके त्यांनी ढिले केले असते. म्हणून तुम्ही ठरवलंत की आपण हिशोब करायचा आणि धुळ्याहून वळवून आणायच्या. एका रविवारी मी मागची स्प्रिंग काढून दिली. तुम्ही ती ओट्यावर उभी केलीत, वर पाट ठेवलात आणि गव्हाच्या गोण्या एकेक करून चढवायला लावल्यात. स्प्रिंग काढायला मी, गोण्या उचलायला मी, पट्टी धरायला मी, आकडे तेवढे तुमचे. "हलू नकोस" याशिवाय दिवसभरात तुम्ही माझ्याशी दुसरं काही बोलला नाहीत. खरं तर पेच साधा होता, तो कुठल्याही पाटेवाल्याला कळतो. गाडी खाली आणली की दबायला जागा कमी उरते. जागा कमी म्हणून स्प्रिंग कडक करावी लागते. कडक केली की प्रत्येक खड्डा कंबरेत. तुम्हाला गाडी ठेंगणी हवी होती आणि आत बसणाऱ्याला गादीवर बसल्यासारखं वाटायलाही हवं होतं, कारण तिच्यात व्याही बसणार होते. नंतर एकदा मी म्हणालो की नाना, सगळं आत किती वजन बसतं त्यावर आहे. "माहीत आहे," म्हणालात. माहीत तर तुम्हाला सगळंच असायचं.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या एका बोळात उस्तादांची भट्टी होती. तेलाच्या इंजिनापासून छापखान्याच्या यंत्रापर्यंत कशाचीही स्प्रिंग ते वळवून देत. साठीचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोली निम्मी अहिराणी आणि निम्मी हिंदी. आपण दोघं पहिल्या एसटीने गेलो होतो, काढलेली स्प्रिंग पिशवीत घालून. तुम्ही वही उघडून आलेख दाखवलात, तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या, सगळं समजावून सांगितलंत. उस्ताद मन लावून ऐकत होते, तुमच्या वर्गात कुणी ऐकलं नसेल इतकं. मग म्हणाले, "सर, ते बठ्ठं बरोबर शे. पन नीची करनी तं कडक करनी पडी." तुम्ही म्हणालात, कडक नको, हिशोबात बसतेय. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "मंग सांगा, गाडीमा कितला माणसं बसतीन?"

चार, असं उत्तर गेलं. तुम्ही वहीत चारचा आकडा लिहिलात, त्याला सरासरी वजनाने गुणलंत आणि तारेची जाडी पक्की झाली. उस्तादांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते भट्टीकडे वळले.

आता मला सांगा, आपल्याकडे चार म्हणजे चार कधी असतात का? लग्नाला चार माणसं बोलवा म्हणजे चार पंगती. चार दिवस राहायला या म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. चार घास खाऊन जा म्हणून ज्याला बसवतो तो तीन भाकरी आणि वांग्याचं भरीत संपवल्याशिवाय उठत नाही, उठला तर आपल्याला राग येतो. आई त्याच दिवसांत शेजारच्या अक्कांना सांगत होती, सुपारीला काही नाही हो, चारच माणसं येतील, आणि तेव्हाच त्यांच्याकडून जास्तीचे पाट मागून आणत होती. अख्ख्या खानदेशात चार हा आकडाच नाही, तो बोलायचा शिष्टाचार आहे. अशा मुलखात राहून त्या चारला सरासरी वजनाने गुणणारा एकच माणूस निघाला, आणि तो पदार्थविज्ञानाचा प्रोफेसर होता. इथे माझे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त हसतात.

स्प्रिंगा बसवल्या मी. गाडी खाली आली, आणि नाना, खोटं कशाला बोलू, काम सुरेख झालं होतं. तुम्ही एकटे कॉलेजला जायचात तेव्हा ती लोण्यावरून जावी तशी जायची. आई, ताई आणि आपण दोघं बसून गेलो तेव्हाही कुठे टेकली नाही. तुम्ही महिनाभर तिला अंगणात अशी उभी करायचात की रस्त्यावरून जाणाऱ्याला आडवी दिसावी. कॉलेजातल्या एका शिपायाने विचारलं, सर, गाडी पंक्चर आहे का, तर तुम्ही त्याला गुरुत्वमध्य समजावून सांगितलात. घरी येऊन तुम्ही ते आईलाही समजावलंत, चार माणसांच्या हिशोबासकट. माणूस एवढा शिकून एवढा पोकळ कसा राहतो, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. आता वाटत नाही, आता रोज बघतो.

सुपारीच्या दिवशी नरडाण्याहून सुरत-भुसावळ पॅसेंजरने ती मंडळी आली. अकरा जण. स्टेशनबाहेर तुम्ही रिक्षा ठरवल्या होत्या, पण मानाच्या माणसांना रिक्षात कसं बसवायचं? पुढे तुमच्या शेजारी काका, त्यांच्या मांडीवर नातू. मागे मुलाचे वडील, आई, आत्या आणि मामा, चौघंही खात्यापित्या घरचे. डिकीत ओटीचं सामान आणि नारळांची गोणी. मी मिठाई घेऊन स्कूटरवर मागे होतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. आत्या बसल्या तेव्हाच मागचा पत्रा चाकावर टेकला. तुम्ही गाडी सुरू केलीत. फाटकापर्यंत ती कशीबशी आली. रुळांवरचा तो चढ तुम्हाला माहीत आहे, पलीकडे उतरताना खडीचा उंचवटा होता, त्याच्यावर गाडी पोटाने बसली. आधी सायलेन्सर तुटल्याचा आवाज आला, मग चाकं नुसतीच फिरायला लागली. मालगाडीची वेळ झाली होती. फाटकवाला ओरडत आला, उतरा, सगळे उतरा, लोटा. आणि मुलाकडचे सगळे उतरले. ज्यांना आपण पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, त्या व्याह्यांनी आपली गाडी लोटली. काकांच्या धोतराला काळं लागलं. आत्याबाई पदर खोचून नारळाची गोणी ओढत होत्या. मुलगा मागच्या रिक्षात होता, तो धावत आला आणि त्याने मुकाट खांदा लावला, एवढं मात्र मला आठवतं.

गाडी निघाली, पण पुन्हा तिच्यात कुणी बसलं नाही. सगळी वरात पायी आपल्या घराकडे निघाली आणि तुम्ही रिकामी गाडी ट्रॅक्टरसारखा आवाज करत मागून आणलीत. दारात पाय धुताना काका म्हणाले, "मास्तर, गाडी खाले करी, नाक वरच ऱ्हायनं." कुणी हसलं नाही. चहा झाला. मग त्यांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले की मुहूर्त टळला, सुपारी नंतर कधीतरी फोडू. पुरणपोळीला त्यांनी हात लावला नाही. आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका त्यांनी आधीच दोन ठिकाणी दाखवून जुळवली होती.

त्या पत्राच्या दिवशी आपण स्वयंपाकघरात जेवत होतो. तुम्ही, मी समोरासमोर, आई चुलीपाशी, ताई वाढत होती. तिने वाढणं थांबवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "नाना, सुपारीला चार माणसं येत नसतात हे अख्ख्या जळगावात तुम्हालाच कसं कळलं नाही?" तुम्ही ताटाकडे पाहत होता. ती थांबली, उत्तर हवं होतं तिला. तुम्ही आमटी मागितलीत. तिने वाढली, भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. आई म्हणाली, अहो, काहीतरी बोला तिच्याशी. तुम्ही भात कालवत राहिलात. मी ते सगळ्यांना सांगत आलो, की पोरीचं लग्न मोडलं तरी या माणसाला चूक कबूल करता आली नाही, इतका माज. ताईलाही मीच तसं सांगितलं, एकदा नाही, पुष्कळदा. ती तीन वर्षांनी बोदवडला दिली गेली. भाऊजी सज्जन आहेत, कापडाचं दुकान आहे, दोन्ही मुलं मार्गी लागली. लोक म्हणतात, झालं ते बऱ्यासाठीच. लोकांचं काय जातं म्हणायला. तिने एमएस्सीचं पुस्तक पुन्हा उघडलं नाही आणि तुमच्याशी शेवटपर्यंत कामापुरतंच बोलली. तुम्ही आजारी होता तेव्हा यायची, औषधं मोजून द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची.

सुपारीनंतरच्या सोमवारी तुम्ही मला जुन्या स्प्रिंगा परत घालायला सांगितल्यात. तुम्ही शेजारी उभे होता, मी काम करत होतो. निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्या उंच गाडीतून कॉलेजला गेलात. स्टाफरूममध्ये तुम्हाला चार कप चहा सांगू का सर, म्हणून विचारायचे, असं मला नंतर कळलं. जळगाव काही मोठं गाव नाही.

हे पत्र मी इतका वेळ मस्तीत लिहीत आलो, नाना, आता राहिलेलं लिहितो. उस्तादांनी प्रश्न तुम्हाला विचारला होता. तुम्ही पेन्सिल वहीवर टेकवलीत आणि माझ्याकडे वळलात. म्हणालात, "हे तुझं काम आहे. तू सांग." आयुष्यात तुम्ही पहिल्यांदा मला काही विचारलंत, तेही बाहेरच्या माणसासमोर. चार मी म्हणालो. पाहुणे आले की आपल्या गाडीत सातापेक्षा कमी माणसं बसत नाहीत हे मला माहीत होतं, आणि तुम्ही चारचा अर्थ चारच घेणार हेही माहीत होतं. कुणी जाब विचारला तर काय म्हणायचं ते मी तिथेच ठरवलं होतं, की आपण बोलतो तसं बोललो, चार माणसं. ते उत्तर मी इतकी वर्षं तयार ठेवलंय. कुणी विचारलंच नाही, कारण तुम्ही माझं नाव कुणाला सांगितलं नाहीत. आईला नाही, काकांना नाही, ताईने समोर उभं राहून विचारलं तेव्हाही नाही. मला तुमची जराशी फजिती हवी होती. ताई मध्ये येईल हे मी धरलंच नव्हतं.

आणि तुम्ही, दुधाचं माप तपासणारे, माझा तो आकडा न तपासता लिहून घेतलात. ताई परवा बोदवडहून येणार आहे, दोन दिवस राहील. तिला हे सांगायला पाहिजे. मी सांगणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.